कार्लाइलचा हंगाम, १९१२

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात १९१२ या वर्षाचे महत्त्व दुहेरी आहे. त्या वर्षी या खेळाचे नियम असे बदलले गेले की आज अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो त्याचा सांगाडा तेव्हाच सिद्ध झाला. आणि या नव्या नियमांखालच्या पहिल्याच हंगामात पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल गावच्या एका सरकारी निवासी शाळेच्या संघाने चौदापैकी बारा सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकच गमावला आणि एकूण ५०४ गुण नोंदवले. हा संघ वस्तुतः महाविद्यालयाचा नव्हताच. कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल ही सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम आणि शेती शिकवणारी शाळा होती, आणि तिच्यात पुस्तकी शिक्षण शालेय पायरीच्या फारसे पुढे जात नसे. तरीही तिचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, सिराक्यूज यांसारख्या विद्यापीठांशी बरोबरीने खेळत असे. या हंगामाची कथा बहुतेक वेळा जिम थॉर्प या एका खेळाडूच्या पराक्रमाची कथा म्हणून सांगितली गेली आहे. ती तशी सांगण्यात खोटे काही नाही. परंतु गुणफलकाबरोबर शाळेची वही उघडल्याखेरीज या हंगामाचा अर्थ पुरता लागत नाही, कारण ज्या संस्थेने या मुलांची भाषा, केस आणि नावे काढून घेतली तिनेच त्यांना मैदान दिले, आणि त्या मैदानावर त्यांनी जे घडवले ते त्या संस्थेच्या हेतूत कधीच बसणारे नव्हते.

शाळेच्या नावातील ‘इंडियन’ या शब्दाचा भारताशी संबंध नाही. कोलंबसाच्या भौगोलिक गैरसमजातून अमेरिका खंडाच्या मूळ रहिवाशांना हे नाव चिकटले, आणि मराठीत ते पूर्वी ‘रेड इंडियन’ या रूपात रूढ होते. या लेखात ‘मूलनिवासी’ हा शब्द वापरला आहे. १८७९ मध्ये कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइल येथील जुन्या लष्करी बराकींत ही शाळा सुरू केली. पहिली मुले डकोटा प्रदेशातील रोझबड आणि पाइन रिज येथील लाकोटा समाजातून आणली गेली, आणि पुढील एकोणचाळीस वर्षांत शंभराहून अधिक जमातींची हजारो मुले या बराकींत राहून गेली. मूलनिवासी माणसातील मूलनिवासीपण नाहीसे केले तरच आतला माणूस वाचेल, असे प्रॅट उघडपणे मांडत असत, आणि शाळेची दिनचर्या या विचारावर उभी होती. आल्याबरोबर मुलांचे लांब केस कापले जात, त्यांना गणवेश चढवला जाई, इंग्रजी नावे दिली जात आणि मातृभाषेत बोलण्यास मनाई केली जाई. याखेरीज ‘आउटिंग’ नावाची एक पद्धत होती, जिच्याखाली मुलांना सुटीत आणि कधी कधी त्याहूनही दीर्घ काळ गोऱ्या कुटुंबांकडे शेतमजुरीसाठी किंवा घरकामासाठी ठेवले जाई. दूरच्या हवामानात आणि दाटीवाटीच्या वसतिगृहांत क्षयासारखे रोग पसरत, आणि शाळेच्या आवारातच एक दफनभूमी तयार झाली, जिच्यात दीडशेहून अधिक मुले पुरली गेली.

या वातावरणात फुटबॉल कसा रुजला हे पाहण्यापूर्वी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या रग्बीपासून निघालेला खेळ होय. त्यात अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूसाठी झुंजतात. चेंडू हातात घेऊन धावता येते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे तो नेला की ‘टचडाउन’ होतो. चेंडूधारकाला पाडले की खेळ थांबतो आणि दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर रांगा धरून उभे राहतात. कबड्डीत जशी प्रत्येक चढाई वेगळी मोजली जाते तसा येथे प्रत्येक प्रयत्न वेगळा मोजला जातो, आणि त्याला ‘डाउन’ म्हणतात. ठरावीक डाउनमध्ये ठरावीक अंतर पुढे सरकता आले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. टचडाउनखेरीज चेंडूला लाथ मारून तो गोलखांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पार करता येतो. त्याला ‘फील्ड गोल’ म्हणतात आणि त्याचे गुण कमी असतात.

१८९० च्या दशकात हा खेळ मुख्यतः वजनाचा खेळ होता. चेंडू पुढे फेकण्यास मनाई होती, आणि थोडेच अंतर कापायचे असल्यामुळे सारा संघ एकमेकांना धरून पाचरीसारखा प्रतिपक्षावर आदळत असे. हाडे मोडणे ही नित्याची गोष्ट होती. कार्लाइलमध्येही एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळण्यास बंदी घातली. त्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार, १८९३ मध्ये सुमारे चाळीस मुले त्यांच्या कचेरीत आली आणि त्यांच्यापैकी एका उत्तम वक्त्याने बंदी उठवण्याची विनंती केली. प्रॅट यांनी ती दोन अटींवर मान्य केली. मुलांनी मैदानावर कधीही कोणाला ठोसा मारू नये, समोरच्याने मारला तरीही. आणि काही वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवावे. पहिली अट घालण्यामागे प्रॅट यांचा हिशेब स्पष्ट होता: गोऱ्या खेळाडूने मारामारी केली तर तो एका माणसाचा तापटपणा ठरेल, मूलनिवासी खेळाडूने केली तर ती साऱ्या समाजाची रानटी वृत्ती ठरेल. हा हिशेब दुर्दैवाने बरोबर होता, कारण वृत्तपत्रे या सामन्यांची वर्णने टाळूची कातडी, कुऱ्हाडी आणि युद्धनृत्ये यांच्याच भाषेत लिहीत असत.

१८९९ मध्ये ग्लेन स्कोबी वॉर्नर हे प्रशिक्षक म्हणून आले. कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकलेले आणि ‘पॉप’ या टोपणनावाने ओळखले जाणारे वॉर्नर डावपेचांच्या बाबतीत विलक्षण कल्पक होते, आणि कार्लाइलच्या खेळाडूंची शरीरयष्टी त्यांच्या कल्पकतेला आव्हान देणारी होती. हार्वर्ड किंवा पेनसिल्व्हेनियाच्या खेळाडूंपेक्षा ही मुले वजनाने हलकी होती, तेव्हा पाचरीला पाचरीने उत्तर देणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांच्या खेळात वेग, हुलकावणी आणि अचूक वेळ यांना प्राधान्य आले. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका खेळाडूच्या जर्सीच्या पाठीत लपवून तो सरळ शेवटच्या रेषेपार नेला, आणि हार्वर्डचे खेळाडू रिकाम्या हातांच्या मुलांचा पाठलाग करत राहिले. सामना कार्लाइलने १२–११ असा एका गुणाने गमावला, पण त्या डावाची चर्चा निकालाहून अधिक काळ टिकली. या चातुर्याचे सारे श्रेय वॉर्नर यांना देण्याची प्रथा आहे; परंतु डाव कागदावर आखणे एक आणि धावत्या गर्दीत तो वठवणे दुसरे, आणि दुसरे काम सर्वस्वी मुलांचे होते.

दरम्यान खेळावरच संकट आले. १९०५ च्या हंगामात देशभरात अठरा खेळाडू मृत्युमुखी पडल्याचे आकडे वृत्तपत्रांत छापून आले, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. त्यातून निर्माण झालेल्या चळवळीमुळे १९०६ मध्ये ‘फॉरवर्ड पास’, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणे, नियमांत बसवले गेले. जुन्या संघांनी या नव्या साधनाकडे संशयाने पाहिले. कार्लाइलने मात्र ते उचलले, आणि १९०७ मध्ये, मधल्या काळात प्रशिक्षक म्हणून कॉर्नेलला गेलेले वॉर्नर परतल्यावर, लांब पल्ल्याच्या फेकींच्या बळावर पेनसिल्व्हेनियाला २६–६ असे आणि हार्वर्डला २३–१५ असे हरवले.

या संघाचे सर्वांत गाजलेले खेळाडू जिम थॉर्प यांचा जन्म १८८७ च्या सुमारास आजच्या ओक्लाहोमा राज्यात, सॅक अँड फॉक्स या जमातीत झाला. त्यांचे मूळ नाव वा-थो-हक असून त्याचा अर्थ ‘उजळलेली वाट’ असा सांगितला जातो. ते १९०४ मध्ये कार्लाइलमध्ये आले, १९०९ मध्ये शाळा सोडून गेले आणि १९११ मध्ये परतले. त्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरला, दुखावलेल्या पायावर पट्ट्या बांधून खेळत, त्यांनी हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल केले. तेव्हा फील्ड गोलचे तीन गुण मिळत. कार्लाइलचे अठरापैकी बारा गुण त्या एका पायाचे होते; हार्वर्डचे एकूण गुण पंधरा झाले. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, म्हणजे अनुक्रमे पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या संयुक्त स्पर्धा, या दोन्हींत सुवर्णपदके मिळवली. त्याच शाळेच्या लुईस टेवानिमा या होपी जमातीच्या धावपटूने दहा हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. सप्टेंबरमध्ये थॉर्प संघाचे कर्णधार म्हणून मैदानावर उतरले तेव्हा ते जगप्रसिद्ध झालेले होते, आणि अमेरिकेचे नागरिकत्व मात्र सर्व मूलनिवासींना कायद्याने मिळायला अजून बारा वर्षे बाकी होती.

त्या वर्षीच्या नियमबदलांनी खेळ आणखी मोकळा केला. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार डाउन मिळू लागले. टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचे झाले आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा जोडला गेला, ज्यात फेकलेला चेंडू झेलला तरी टचडाउन मानला जाऊ लागला; तसेच पास वीस यार्डांहून लांब फेकू नये हे बंधन उठवले गेले. हे सारे बदल वजनाच्या विरुद्ध आणि वेगाच्या बाजूचे होते, म्हणजे कार्लाइल ज्या प्रकारे दशकभर खेळत आले होते त्या प्रकाराकडे नियमच चालत आले होते.

हंगामाची सुरुवात आसपासच्या लहान महाविद्यालयांपासून झाली: ऑलब्राइटवर ५०–७, लेबनन व्हॅलीवर ४५–०, डिकिन्सनवर ३४–०, व्हिलानोवावर ६५–०. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन या महाविद्यालयाने मात्र त्यांना ०–० असे रोखले. त्यानंतर संघ जवळजवळ सतत रेल्वेत होता. कार्लाइल हे लहान गाव होते आणि तेथे मोठा प्रेक्षकवर्ग जमणे शक्य नव्हते, म्हणून महत्त्वाचे सामने प्रतिपक्षाच्या मैदानावर होत आणि प्रवेशशुल्कातील ठरलेला वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. सिराक्यूज, पिट्सबर्ग, मग वॉशिंग्टनमध्ये २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउन, दोनच दिवसांनी सीमा ओलांडून कॅनडातील टोरांटो, आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस लीहाय, असा तो प्रवास होता. आठ दिवसांत तीन सामने, आणि तिन्ही विजय. मधल्या रात्री रेल्वेच्या डब्यात काढून ही मुले पुन्हा मैदानावर कशी उभी राहत असतील याचा विचार केला तर निकालांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

एकट्या थॉर्प यांच्या नावे हा हंगाम लिहिणे इतरांवर अन्याय करणारे आहे. संघाचे डाव पुकारणारा क्वार्टरबॅक गस वेल्च हा ओजिब्वे जमातीचा होता. जो गायॉन हाही ओजिब्वे, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात थॉर्प यांच्याप्रमाणेच त्याचीही निवड झाली. अ‍ॅलेक्स आर्कासा, जो बर्गी, पूर्व चेरोकी समाजातील स्टॅन्सिल पॉवेल, कॅलिफोर्नियातील लुइसेन्यो जमातीचा पीट कॅलॅक, अशी एका खंडभर पसरलेल्या समाजांची मुले एका रांगेत उभी होती. त्यांच्या मातृभाषा परस्परांना न समजणाऱ्या होत्या, आणि मैदानावर त्यांना जोडणारी भाषा शाळेने लादलेली इंग्रजी होती.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी हा संघ हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट येथे, अमेरिकी लष्कराच्या अधिकारी-प्रशिक्षण अकादमीविरुद्ध खेळला. वूंडेड नी येथे लष्कराने लाकोटांचे हत्याकांड केले त्याला तेव्हा बावीस वर्षेही झाली नव्हती. तुमच्या वाडवडिलांशी लढलेल्यांची ही मुले आहेत, याची आठवण वॉर्नर यांनी सामन्यापूर्वी करून दिली असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, त्या मुलांना कोणी आठवण करून देण्याची गरज नव्हती. लष्कराच्या संघाने प्रथम टचडाउन केला, पण टचडाउननंतर लाथ मारून मिळवायचा जादा गुण त्यांच्या हातून निसटला. बर्गीच्या टचडाउनने आणि त्यावरील एका गुणाने कार्लाइलने ७–६ अशी आघाडी घेतली. वॉर्नर यांनी या सामन्यासाठी एक नवी रचना आणली होती, जिच्यात पाठीमागचे दोन खेळाडू रांगेच्या दोन्ही टोकांशी पसरून उभे राहत, त्यामुळे चेंडू धावत नेला जाणार की फेकला जाणार हे प्रतिपक्षाला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. मध्यंतरानंतर लष्कराचा संघ या रचनेपुढे पार विस्कळीत झाला. त्यांचा कर्णधार लीलंड डिव्होर याने गायॉनवर हल्ला केला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. प्रॅट यांची पहिली अट कोणी पाळली आणि कोणी मोडली, हे त्या दिवशी हजारोंच्या डोळ्यांसमोर दिसले. आर्कासाने तीन टचडाउन केले, थॉर्प यांच्या धावांनी ते शक्य झाले, आणि सामना २७–६ असा संपला.

लष्कराच्या संघात त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर हा बावीस वर्षांचा तरुण होता, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचा सरसेनापती आणि १९५३ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. थॉर्प यांना दोन बाजूंनी एकाच वेळी गाठून जायबंदी करायचे, असा त्याचा आणि एका सहकाऱ्याचा बेत होता. प्रत्यक्षात थॉर्प ऐन वेळी थांबले आणि ते दोघे एकमेकांवर आदळले, असे वर्णन अनेक ठिकाणी येते. आपण पाहिलेल्या खेळाडूंत थॉर्प यांच्या तोडीचा कोणी नव्हता, हे मत आयझेनहॉवर यांनी वृद्धापकाळापर्यंत बाळगले.

पुढच्याच शनिवारी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. हंगामातील हा एकमेव पराभव ज्या संघाकडून झाला त्याचे ते वर्ष फारसे चांगले गेलेले नव्हते, आणि कार्लाइलच्या बचावातील चुका, त्यांत थॉर्प यांच्याही, त्याला कारण झाल्या. स्प्रिंगफील्डविरुद्ध ३०–२४ असा निसटता विजय मिळाला. २८ नोव्हेंबरला, अमेरिकेत कृतज्ञतादिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या सणाच्या दिवशी, प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठावर ३२–० असा विजय मिळवून हंगाम संपला. रूढ नोंदींनुसार थॉर्प यांचे हंगामातील टचडाउन २५ आणि गुण १९८ होतात. अलीकडच्या मोजण्या हे आकडे आणखी वर नेतात.

त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी १९१३ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टरच्या एका वृत्तपत्राने थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका लहान बेसबॉल संघात पैसे घेऊन खेळले होते ही बातमी छापली. ऑलिंपिक स्पर्धा तेव्हा ‘हौशी’, म्हणजे खेळातून पैसा न मिळवणाऱ्या, खेळाडूंपुरत्याच होत्या. अनेक महाविद्यालयीन खेळाडू उन्हाळ्यात खोटी नावे घेऊन असे बेसबॉल खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले होते, आणि त्याचीच त्यांना शिक्षा झाली. त्यांच्या सहीने जे कबुलीपत्र पाठवले गेले त्याच्या मसुद्यात वॉर्नर यांचा हात होता असे अभ्यासक मानतात, आणि त्याच वॉर्नर यांनी आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगितले. आपल्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू दोन वर्षे कोठे होता हे प्रशिक्षकाला माहीत नसावे, हे पटणे कठीण आहे. पदके परत घेतली गेली. थॉर्प १९५३ मध्ये वारले. १९८२ मध्ये त्यांना सहविजेते म्हणून मान्यता मिळाली, आणि एकमेव विजेते म्हणून २०२२ मध्ये.

१९१४ मध्ये कार्लाइलच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सरकारकडे लेखी तक्रार केली, आणि या कामात पुढाकार होता क्वार्टरबॅक वेल्च याचा. अमेरिकी संसदेच्या संयुक्त आयोगाने शाळेत येऊन साक्षी घेतल्या, तेव्हा अपुरे अन्न, मारहाण आणि ढासळलेली शिस्त यांबरोबर क्रीडानिधीचाही हिशेब बाहेर आला. मुलांच्या खेळातून जमलेला पैसा शाळेच्या नियमित जमाखर्चाबाहेर, प्रशिक्षक आणि अधीक्षक यांच्या हाती राहत होता. काही वर्षे खेळाडूंना त्यातून रोख रकमाही दिल्या गेल्या होत्या. वॉर्नर खेळाडूंना शिवीगाळ करतात, प्रसंगी मारतात, अशा साक्षी खेळाडूंनीच दिल्या. ज्या मुलांना आज्ञापालनासाठी आणले गेले होते त्यांनी सरकारी आयोगापुढे उभे राहून, त्याच इंग्रजीत, आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध बोलावे, ही घटना वेस्ट पॉइंटच्या विजयाच्या बरोबरीने स्मरणात राहायला हवी होती. ती तशी राहिली नाही. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावे लागले आणि वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात गेले, जेथे त्यांची कीर्ती वाढतच राहिली.

कार्लाइलचा शेवटचा संघ १९१७ मध्ये खेळला. १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, शाळा बंद करून बराकी जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी लष्कराकडे परत देण्यात आल्या, आणि आज तेथे लष्कराचे उच्च शिक्षण देणारे वॉर कॉलेज आहे. जुने मैदान त्याच आवारात आहे. मुलांची दफनभूमी १९२७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नव्या जागी नेण्यात आली, आणि वंशजांच्या मागणीवरून २०१७ पासून तेथील अवशेष त्यांच्या समाजांकडे परत पाठवले जाऊ लागले. उत्तर अरापाहो समाजाची मुले प्रथम घरी गेली.